लोहपंखचा शेवटचा अंक आणि बाकावरची माणसं

वर्षानुवर्षं एकाच बाकावर तीच माणसं बसली, की किस्से आपोआप साठतात. मुलांच्या एकेकट्या मोज्यांसारखे! जोडी लागत नाही आणि टाकवतही नाहीत.

आमचा बाक वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतल्या पार्कातला. रविवारी सकाळी तिथे तिवारीजी, फरहानभाई आणि मी जमतो. तिवारीजी रिटायर्ड मास्तर, फरहानभाई दातांचे डॉक्टर आणि मी एका पाच वर्षांच्या मुलीची कायम धास्तावलेली आई. आम्हाला बांधणारी गोष्ट एकच, ‘लोहपंख’! लोखंडी पंखांचा हिंदी कॉमिक्सवाला हीरो. नियमही एकच. नवा अंक कुणी घरी वाचायचा नाही. बाकावर, मोठ्याने, पात्रं वाटून घेऊन वाचायचा.

आता जाहीर झालंय, पुढचा अंक शेवटचा.

*

एकदा फरहानभाई विनोद यायच्या आधीच हसले. चोरून वाचून आले होते!

तिवारीजी चष्म्यावरून बघत म्हणाले, “डॉक्टर साहब, हँसी भी एडवांस में?”

शिक्षा म्हणून त्यांना त्या दिवशी फक्त आवाज दिले. धडाम, सटाक, आऽऽह! त्यांनी इतका जीव ओतला, की फिरायला आलेल्या एक बाई जागीच थबकल्या.

“हाय राम,” त्या नवऱ्याला म्हणाल्या, “कल इन्हीं से दाढ़ निकलवानी है!”

*

लोहपंखच्या आईला त्याचं गुपित माहीत आहे की नाही, यावर दोघांचं भांडण पार कॉलेजपासूनचं असावं इतकं मुरलेलं. तिवारीजी म्हणत, नाही. फरहानभाई म्हणत, तिला शक आहे.

मी माझ्या लेकीच्या, मैत्रीच्या तोंडात पराठा कोंबत विचारलं, “उसकी शर्टें कौन धोता है? पीठ में दो-दो छेद वाली?”

मग तिवारीजी हळूच म्हणाले, “बेचारी ने कभी पूछा भी नहीं.”

*

माझं लोहपंखवेड बाबांकडून आलं. सरकारी नोकरीत नागपूरहून बदली होऊन ते इथे, हिंदी मुलखात आले. आलमबागच्या एका दुकानातून भाड्याने कॉमिक्स आणायचे आणि मला मांडीवर घेऊन, हिंदी वाक्यं डोळ्यांनी वाचत, तोंडाने थेट मराठीत सांगायचे. त्यामुळे लोहपंख आपल्या नागपूरचाच, अशी माझी पक्की समजूत! त्यावरून शाळेत मी एका मुलीची वेणीही ओढली होती.

बाकावर वाचून झालेला अंक मैत्रीला मी घरी तसाच, मराठीत वाचून दाखवते. ती ऐकते, सगळं समजते, आणि उत्तर देते हिंदीत. “मम्मा, आगे क्या हुआ?”

परवा आईचा नागपूरहून फोन आला. “अवं, पोरगी माझ्याशी हिंदीत बोलते. मले वाटलं, फोन बँकेतच लागला!”

मी हसले खरी. पण माझीच मराठी अर्धी सब्जी आणि अर्धी भैया. मी कुठल्या तोंडाने शिकवणार? आमच्या घरात सलग मराठी होते ती लोहपंखच्या वेळेलाच. तो संपला, की मग काय?

*

शेवटचा अंक आला. नेहमीसारखी पात्रं वाटली. फरहानभाईंनी धडाम केलं, पण अगदी हळू. शहर वाचलं. शेवटच्या पानावर शब्दच नव्हते. जमिनीवर काढून ठेवलेले दोन पंख आणि त्यांच्याशेजारी आडवा झालेला लोहपंख, डोळे मिटलेले.

“गया?” फरहानभाईंनी विचारलं.

तिवारीजींनी चष्मा काढला. मी अंक मिटायला हात पुढे केला, तर मैत्रीने माझ्या मांडीवरून वाकून पान धरूनच ठेवलं. बराच वेळ बघितलं.

“गेला नाही काही,” ती म्हणाली. “पंख काढून ठेवलेत त्याने. झोपताना टोचतात ना!”

मी अंक सोडून तिलाच जवळ ओढलं.

“बिटिया ने क्या कहा?” तिवारीजी मला विचारत होते. “बताइए तो, क्या कहा?”

मैत्रीने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. आणि आजोबांना ऐकू कमी येतं असं समजून, तेच परत सांगितलं. मराठीतच, जरा मोठ्याने.