व्याह्यांचा शेवटचा डबा

अख्ख्या नाशिक जिल्ह्यात आमच्या व्याह्यांइतका संशयी माणूस सापडायचा नाही. बरं, संशय माणसांवर नाही हं. माणसांनी टोपी घातली तरी त्यांना पत्ता लागत नाही. सगळा संशय वस्तूंवर. जे जे बंद आहे ते कुठून तरी गळतंच, अशी त्यांची श्रद्धा. लेकीच्या सुपारीला पहिल्यांदा घरी आले, तर टेकायच्या आधीच स्वयंपाकघराकडे कान लावून म्हणाले, "विहीणबाई, कुकरच्या रिंगेखाली काहीतरी अडकलंय." मनात म्हटलं, गेली सोयरीक! उघडून बघते तर खरंच, मोहरीचा एक दाणा.

दोष त्यांचा नाही, नोकरीचा. इथल्या एका संशोधन संस्थेत ते पोलादी डबे तपासायचे. डबा म्हणजे माझ्या कपाटाएवढा. त्यातली हवा पार उपसून काढायची आणि त्या पोकळीत शास्त्रज्ञांनी प्रयोग करायचे. पण झाकणाच्या रिंगेखाली एक केस आला, तरी पंधरा दिवसांची मेहनत पाण्यात. म्हणून केस, धागा, लव यांच्याशी व्याह्यांचं हाडवैर. येवल्याला पैठणी घ्यायला गेलो. आम्ही बायका पदरावरचे मोर बघतोय, आणि हे काठ चिमटीत धरून धागा सुटतो का ते बघतायत. विणकर वैतागला, "काका, साडी नेसायची हाय का तिच्यात पाणी भरायचंय?"

निवृत्तीच्या दिवशी मात्र मी त्यांची खोडी काढायला गेले, आणि ती चांगलीच अंगाशी आली. संस्थेतल्या निरोपसमारंभाला मलाही बोलावलं होतं आणि त्याआधी त्यांना एक शेवटचा डबा तपासायचा होता. त्यांच्या हातचा एकही डबा आजवर गळका निघाला नव्हता. हाही आपल्या सहीनं जावा, एवढीच इच्छा. तपासायची रीत अशी, की डब्यात हेलियम वायू भरायचा आणि यंत्राची नळी बाहेरून प्रत्येक सांध्यावर फिरवायची. कणभर वायू सुटला तरी यंत्र कोकलतं. उठता बसता हेलियम हेलियम करतात, म्हणून मी गंमत करायला तोच वायू भरलेले वीस फुगे आणले आणि त्यांच्या तपासणीच्या खोलीच्या उघड्या दाराशी खुर्ची टाकून बसले.

आत यंत्र कोकलायला लागलं. व्याह्यांनी बोल्ट आवळले, पुन्हा नळी फिरवली. पुन्हा तेच. घामाघूम होऊन ते त्यांच्या वरिष्ठ बाईंना म्हणाले, "मॅडम, माझा शेवटचा डबा गळतोय." तो आवाज ऐकून माझं हसू कुठल्या कुठे पळालं. हताश होऊन त्यांनी नळी डब्यापासून बाजूला घेतली, तर यंत्र जास्तच कोकललं! ते थबकले. एकेक पाऊल टाकत, नळी पुढे धरून दारापर्यंत आले, आणि ती माझ्या मलूल होत चाललेल्या फुग्यांना लावली. यंत्रानं अक्षरशः टाहो फोडला.

"मॅडम," ते म्हणाले, "गळती सापडली. जांभळी साडी नेसलीय."

"अहो, मला काय ठाऊक तुमचं यंत्र एवढं चहाडखोर आहे ते!"

मी फुगे पार फाटकाबाहेर झाडाला बांधून आले. खिडक्या उघडल्या, तासभर हवा खेळू दिली आणि नळी पुन्हा फिरली. यंत्र गप्प. व्याह्यांनी सही केली. केली खरी, पण पेन काही हातातून सुटेना.

बाई वयानं माझ्या लेकीएवढ्या. हळूच म्हणाल्या, "काका, कधी काही अडलं तर फोन करू ना?"

"करा की."

व्याही दारापर्यंत गेले आणि वळले.

"नाही अडलं तरी करा."