खुर्ची बाहेर ठेव

अक्कांना बसलेलं मी कधी पाहिलं नाही. अतिशयोक्ती नाही, खरंच नाही. एसटी अर्धी रिकामी असली तरी त्या दाराजवळचा दांडा धरून उभ्या. कुणाच्या लग्नाला गेल्या तरी पंगतीत वाढायला उभ्या. जेवायला तरी बसत असतील, पण तेही मी पाहिलेलं नाही. आमच्या वर्गावर आल्या त्या पहिल्याच दिवशी त्यांनी सरांची हातांची खुर्ची पायानं जराशी ढकलून बघितली आणि मला म्हणाल्या, "ए पोरा, ही खुर्ची बाहेर ठेव. आन् तुमी समदे उठा. दवाखान्यात बसायचा मान फकस्त पेशंटचा."

मी खुर्ची उचलून व्हरांड्यात ठेवली. मागून हाक आली, "बेग, बेग!" म्हणजे कानडीत लवकर. पुढची दोन वर्षं हा शब्द माझ्या कानातून गेला नाही.

अक्का म्हणजे सुगलाबाई. मूळच्या अणदूरकडच्या, घरात कानडी बोलणाऱ्या, आणि आमच्याकडं हमरस्त्यालगतच्या एका दवाखान्यात सिस्टर. ह्या दवाखान्याला हाताखाली माणसं मिळत नव्हती, आणि येरमाळ्याच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजातल्या पोरांना बारावीनंतर काय करायचं ते सुचत नव्हतं. तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी आणि आमच्या प्राचार्यांनी मिळून आरोग्यसेवेचा एक वर्ग काढला. मंगळवारी सिस्टरनं कॉलेजात यायचं, शनिवारी पोरांनी दवाखान्यात जायचं, आणि ज्याला जमेल त्यानं पुढं नर्सिंगला नाहीतर लॅबच्या शिक्षणाला जायचं, असं ठरलं. पण प्राचार्यांना ह्या वर्गाचा भरवसा कधीच वाटला नाही. दर जूनला ते चष्मा पुसत म्हणायचे, "यंदाचं यंदा बघू." एवढं ऐकलं की अक्का वर्षभर अस्वस्थ. हा वर्ग बंद पडेल, ह्या एकाच धास्तीनं त्या सारख्या पळत असायच्या.

मी तेरखेड्याचा. आमच्या गावात फटाके करतात, माझे वडीलही त्याच कामावर. मी हा वर्ग घेतला हे कळल्यावर ते म्हणाले, "बायकांचं काम शिकाया चाललास व्हय रं?" मलाही तेव्हा नर्सिंगचं फार प्रेम होतं असं नाही. शनिवारी कॉलेजला दांडी मारल्यासारखं बाहेर जायला मिळतं, एवढाच माझा हिशोब होता. अक्कांनी तो पहिल्याच महिन्यात मोडून काढला.

त्यांची शिकवायची पद्धत जगावेगळी होती. दोन बाकं जोडायची, वर चादर टाकायची, आणि अक्का स्वतः पेशंट होऊन त्यावर आडव्या. म्हणायच्या, "आता मला कुशीवर घ्या. पाठ बघा. खालची चादर बदला. पण मला खाली उतरवायचं न्हाय." ऐकायला सोपं. हात लावला की कळायचं. अक्का पेशंट म्हणूनसुद्धा गप्प पडायच्या नाहीत. कण्हायच्या, हात झटकायच्या, पाय ताठ करायच्या. एकदा वैतागून मी म्हणालो, "अक्का, जरा हलू नका की!" त्या पडल्या पडल्याच कडाडल्या, "अय्यो! पुतळ्याला कुणीबी वळवंल. माणूस हलतोच. त्याला दुखतंय, त्याला लाज वाटती, त्याला तू कोण ते ठावं न्हाय. आन् हात बघ तुजे, काय गार! अंगावर बेडूक पडल्यावानी!"

वर्ग खदाखदा हसला. मी लाल झालो.

आणि एक गंमत. अक्का आम्हाला कुणालाच नावानं हाक मारत नसत. सगळे ए पोरा, ए पोरी. ज्या दिवशी तुमचा हात अंगाला लागला आणि पेशंटला बरं वाटलं, त्या दिवशी बाकावर पडलेल्या अक्का अनोळखी म्हातारीसारख्या तुमच्याकडं बघून विचारायच्या, "नाव काय गं तुजं?" आमच्या वर्गात तीच परीक्षा, तोच निकाल. पोरींना महिन्या-दोन महिन्यांत नावं विचारली गेली. मी आपला ए पोराच. वर्ष सरत आलं. एका मंगळवारी मी काखेत हात दाबून चांगले गरम केले, बाकाजवळ वाकलो आणि म्हणालो, "मावशी, आता तुम्हाला डाव्या अंगावर घेतो. माझ्या खांद्याला धरा." का कुणास ठाऊक, घाई केली नाही. एक हात खांद्यामागं, एक कमरेला, आणि अक्का अलगद वळल्या. मग म्हणाल्या, "नाव काय रं बाळा तुजं?"

"बालाजी," मी म्हणालो, आणि अहो, चक्क अडखळलो. स्वतःचं नाव सांगताना! पोरांनी बाकं बडवली. त्या दिवशी मी ठरवलं, हेच करायचं.

त्याआधी आमच्यामुळं वर्ग बंद पडायची वेळ आली होती, ते सांगायलाच हवं. अक्कांनी बँडेज बांधायला शिकवलं आणि फर्मान काढलं, "घरात बांधून उपेग न्हाय. घरच्या एकाला सकाळी बांधा आन् बाजारात हिंडवा. माणूस हिंडला की मग कळतं पट्टी ढिली हाय का घट्ट." नेमका बाजारचा दिवस. सकाळी येरमाळ्याच्या बाजारात कुणाच्या डोक्याला पट्टी, कुणाचा हात गळ्यात, कुणाचा गुडघा गुंडाळलेला. लोक थबकून बघायला लागले. आपल्याकडं एवढी डोकी एकदम फुटतात ती एकाच कारणानं, बांधावरून भावकीत मारामारी झाली की! त्यात आमच्या एका मित्राचा चुलता फार रंगेल. हॉटेलात बसला, डोक्याला पट्टी, समोर भजी. कुणी विचारलं, "कोण होतं रं?" तर उसासा टाकून म्हणाला, "आपलीच माणसं." झालं! दुपारच्या आत त्याच्या सासुरवाडीचा टेम्पो काठ्या घेऊन येरमाळ्यात हजर. पाठोपाठ हवालदार. चुलत्यानं घाबरून पट्टी सोडायला सुरुवात केली, तर गाठ सुटेना.

प्राचार्यांनी अक्कांना केबिनमध्ये बोलावलं. हवालदारही तिथंच उभा. आम्ही खिडकीला. "हा वर्ग आजपासून बंद," ते ओरडले, "गावात दंगल व्हायची बाकी होती!" अक्का उभ्याच होत्या. त्यांचा आवाज कधी नव्हे तो कापत होता, पण हवालदाराकडं वळून त्यांनी विचारलं, "सायेब, खरं सांगा. एक तरी पट्टी ढिली व्हती का?"

हवालदारानं टोपी काढून डोकं खाजवलं. "न्हाय बाई. त्या गड्याची तर कात्रीनं कापावी लागली."

प्राचार्यांना हसू फुटलं. चष्मा पुसत म्हणाले, "बरं. यंदाचं यंदा बघू." अक्का बाहेर आल्या, आमच्या पाठीत एकेक धपाटा घातला आणि म्हणाल्या, "चला, हात धुवा. बेग, बेग!"

पुढं मी नर्सिंग केलं आणि पुण्याला एका मोठ्या रुग्णालयात लागलो. आमच्या वर्गातली बरीच पोरं अशीच पुण्याला, लातूरला, सोलापूरला पांगली. अक्कांना ह्याचा अभिमान होता, आणि तेवढाच रागही. फोन करायच्या आणि दुसरं-तिसरं काही न बोलता विचारायच्या, "कवा येतोस?" मी म्हणायचो, दिवाळीला येतो. "तसं न्हाय रं. माज्या माघारी मंगळवारी कोण उभं ऱ्हानार?" मी विषय बदलायचो. मला पुणं सोडायचं नव्हतं, सरळ गोष्ट आहे.

मग एक दिवस कळलं, अक्कांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. मी रजा टाकून आलो. येरमाळ्यात स्टँडमागं दोन खोल्यांत त्या एकट्या राहत, आता अणदूरहून भाची येऊन राहिली होती. ज्या बाईला मी कधी बसलेलं पाहिलं नव्हतं, ती पलंगावर पडून होती. फक्त डावा हात चादरीचं टोक चुरगाळत होता, सोडत होता, पुन्हा चुरगाळत होता. मला बघून त्यांनी मोठ्या कष्टानं जीभ हलवली. "वर्ग?"

वर्ग बंद होता. प्राचार्यांनी भाचीला निरोप दिला होता, यंदा राहू द्या. मला असा संताप आला की काय सांगू. प्राचार्यांचा आला, डॉक्टरांचा आला, आणि ह्या पडल्या पडल्या वर्ग विचारणाऱ्या बाईचाही आला. मरणाच्या दारात तरी माणसानं निवांत असू नये?

पुण्याची नोकरी सोडून मी इथल्या दवाखान्यात रुजू झालो. वडील म्हणाले, "येडा झालास का?" झालो असेन. प्राचार्यांकडं गेलो तर ते म्हणाले, "अरे बालाजी, शिकवणार कसा? पेशंट व्हायला आता अक्का नाहीत." हे मी अक्कांना सांगितलं. त्या माझ्याकडं बघत राहिल्या आणि डाव्या हातानं गादीवर थाप मारली. मला समजेना. पुन्हा थाप मारली, जोरात, आणि चिडून म्हणाल्या, "मी... हाय की!"

तेव्हापासून मंगळवारचा वर्ग अक्कांच्या खोलीत भरायला लागला. पोरं दाटीवाटीनं उभी. अक्का कधीच बसत नसत आणि पहिल्या दिवशी त्यांनी खुर्ची कशी बाहेर ठेवायला लावली, हे मी पोरांना आधीच सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी कोमल नावाची एक पोरगी पुढं झाली आणि भीतभीत तिनं अक्कांच्या खांद्याला हात लावला. अक्कांचं तोंड वाकडं झालं. "गा... गार." कोमल रडायच्या बेतात. मी म्हणालो, "रडू नको, हात चोळ." तिनं हात चोळले, काखेत धरले, मग वाकून म्हणाली, "आज्जी, आता तुम्हाला कुशीवर घेते हां." आणि घेतलं. पाठ पुसली, चादर बदलली. अक्कांनी तिच्याकडं बघितलं. मग एकेक अक्षर जुळवत त्यांनी विचारलं, "ना... व... काय... गं?"

कोमल नाव सांगत होती आणि मी खिडकीबाहेर बघत होतो.

हिवाळाभर पोरं पाळीपाळीनं येत राहिली, मंगळवार नसला तरी येत राहिली. इतके दिवस अंथरुणावर पडूनसुद्धा अक्कांच्या पाठीवर शेवटपर्यंत एक जखम झाली नाही. हे मी जिथं जाईन तिथं सांगतो, आणि छाती फुगवून सांगतो.

संक्रांत झाल्यावर एका सोमवारी पहाटे अक्का गेल्या. अणदूरहून माणसं आली. आंघोळ कुणी घालायची असं बायकांत चाललं होतं, तोवर कोमल आणि दोघी-तिघी पोरी पुढं झाल्या. भाची म्हणाली, "घालू द्या त्यांनाच." मी दाराबाहेर उभा होतो. दार लोटायच्या आधी मला एवढंच दिसलं, पोरींनी आधी आपले हात एकमेकींत चोळून गरम केले. मग अक्कांना हात लावला.

अक्का लिंगायत, आणि त्यांच्यात माणसाला निजवून नेत नाहीत, बसवून नेतात. अक्कांना भिंतीला टेकवून मांडी घालून बसवलं. कपाळाला भस्म, गळ्यात हार, हातात इष्टलिंग. कोमल माझ्याजवळ येऊन उभी राहिली. म्हणाली, "सर, अक्का अशा बसल्यात..." मी ढसाढसा रडलो, लोकांसमोर, वडिलांसमोर. वडिलांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

माती देऊन परतताना प्राचार्य जवळ आले. चष्मा पुसत होते. "बालाजी, वर्गाचं आता..." त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं.

मी म्हणालो, "सर, उद्या मंगळवार आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजात गेलो. उशीर झाला होता, रात्रभर झोप नव्हती. वर्गात दोन बाकं जोडून वर चादर टाकलेली होती. पोरं उभी होती. आणि खुर्ची त्यांनी आधीच बाहेर ठेवली होती.