खाली सरकणारा लाल पट्टा

नातीने प्रयोगशाळेत मला काचेच्या नळीपुढे बसवलं. नळीतल्या विद्युतभारित कणांना एक लाल प्रथिन चिकटलं होतं. वरून दुसरं, बिनरंगाचं प्रथिन सोडताच तो लाल पट्टा खाली सरकू लागला.

"एकटं असलं की घट्ट धरून बसतं गं आजी. जास्त ओढीचं आलं की जागा सोडतं."

जागा सोडली म्हणजे ओढ नव्हती, असं थोडंच असतं!

मला माझी थोरली आठवली, हिची आई. धाकटी जन्मली, तेव्हा ती मुकाट्याने माझ्या मांडीवरून उतरली होती. मी मोठी शहाणी! "किती समंजस पोर," म्हणून गल्लीभर मिरवलं, वर माझेच संस्कार म्हणून फुगले.

थोरली अजूनही आधी फोन करते. "आई, धाकटी आलेली नाही ना? मग येते मी."