माउस नेल्यावर रंगणारी साडी

मुलीच्या लग्नाची साडी शेजारच्या आप्पांच्या हातमागावर विणून घ्यायची, हे मीच ठरवलं होतं. आमचे माग नवरा गेल्यावर मी विकले आणि त्या खोलीत टेबल, कॉम्प्युटर टाकला. बेळगावातल्या दुकानांच्या वेबसाइट करते. वडगावात सगळीकडे मागांचा आवाज असतो, आमच्याच घरात नाही.

मुलगी पुण्यात असते. फोनवर ‘लग्नातल्या साडीला रंग कुठला?’ एवढंच विचारून काही ठरेना, म्हणून मी कॉम्प्युटरवर व्हेक्टर चित्र केलं: दुकानात एकावर एक रचतात तशा साड्यांच्या घड्या, सगळ्या राखाडी. स्टाइलशीटमध्ये, म्हणजे पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या फाइलमध्ये, असं लिहिलं, की जिच्यावर माउस न्यावा ती रंगात येईल. डाळिंबी, मोरपंखी, हळदी, जांभळी. रंग एकदम उडी मारून न येता सावकाश चढावा, यात अख्खी दुपार गेली. राखाडीतून हळदी येताना मध्येच मळकट दिसायची, तेही सुधारलं.

लिंक पाठवली. खाली लिहिलं, ‘रंग निवड. आप्पांना ताणा लावायचाय.’ उभे धागे एकदा मागावर चढले, की मग रंग बदलता येत नाही.

उत्तर आलं, ‘छान आहे गं आई. हाच घे.’

हाच म्हणजे कुठला?

तेवढ्यात आप्पा दारात आले. “ठरला का न्हाय रंग, आक्का? माग मोकळा बसलाय.”

त्यांना दाखवायला मी फोनवर लिंक उघडली. सगळ्या घड्या राखाडी. फोनला माउस नसतो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. बोट टेकवलं तेव्हा कुठे एक घडी रंगली.

“राखाडीच की ह्या सगळ्या! लगीन हाय का दहावं?” आप्पा हसत गेले.

म्हणजे पोरीने चित्राला बोटसुद्धा लावलं नव्हतं. मी फोन केला.

“राखाडी नेसून उभी राहणार लग्नात?”

“मी? मला वाटलं, तुझ्यासाठी विचारतेस. बाबा गेल्यापासून तू असलेच रंग घेतेस की.” मग म्हणाली, “माझी साडी सासूबाईंनी घेतली, आई. तुला सांगायचं राहिलंच.”

“बरं,” म्हटलं. जेवलीस का विचारलं आणि फोन ठेवला.

मग फाइल उघडली. माउसची अट काढून टाकली आणि घड्या आपोआप, एकीमागून एक रंगतील असं केलं. आता कुणी हात लावायची गरज नव्हती. खुर्चीत बसून बराच वेळ ते रंग येताना-जाताना बघत राहिले.

सकाळी आप्पांकडे गेले. “जांभळा लावा.”

“पोरीला आवडला व्हय?”

“तिची झाली घेऊन. ही मला. लग्नात नेसायला लागेलच एक.”

आप्पा जांभळं सूत शिल्लक आहे का बघायला आत गेले.