गॅरेजात शहाणी

एरवी कुठेही आचके देत बंद पडणारी आमची जुनी गाडी गॅरेजात मात्र पहिल्याच चावीला सुरू होते. मेकॅनिक म्हणतो, “साहेब, माझ्यासमोर बंद पडू दे, मग बघतो.” बाबांचंही तेच. घरी मला ओळखत नाहीत आणि आज डॉक्टरांसमोर माझं नाव, वार, सगळं धडाधड सांगून मोकळे. आपल्यापुढेच होणारा बिघाड दाखवायचा तरी कुणाला?

परतताना गाडी भर चौकात बंद पडली. मागून हॉर्न कोकलत होते, मी वेड्यासारखा चावी फिरवत होतो. शेजारी बसलेले बाबा हळूच म्हणाले, “ड्रायव्हर, निघताना स्टिअरिंगला नमस्कार केला नाहीत. मी माझ्या मुलाला शिकवलंय. तो कधी विसरत नाही.”