सुहासने तेल घातलं होतं का?

"सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, शंभर सीसी टू-स्ट्रोक कार्ट इंजिन, मूळ गाव इटली, हल्ली मुक्काम पोटमाळा, कोपर, यांचे प्रदीर्घ अज्ञातवासानंतर आमच्या टेबलावर आगमन झाले आहे. शवविच्छेदन आत्ताच सुरू होईल. नातेवाइकांनी आपसांत भांडू नये, आणि टेबलावर चहाचे कप ठेवू नयेत."

ही घोषणा मी उभी राहून, टॉर्क रेंच छातीशी धरून केली. नातेवाईक दोनच होते. मृणालने कप उचलून मांडीवर घेतला. दिलीपकाका भिंतीवरच्या पंख्याकडे बघत राहिले. कोणीही हसलं नाही. माझ्या कारकिर्दीत असा पडेल प्रयोग क्वचितच झाला असेल.

डोंबिवली एमआयडीसीत माझं बोअरिंगचं वर्कशॉप आहे. इंजिनाचा सिलेंडर आतून झिजला किंवा ओरखडला, की तो मशीनवर केसभर मोठा करून पुन्हा गुळगुळीत करायचा, त्याला बोअरिंग म्हणतात. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी चालवते. रोजचं गिऱ्हाईक म्हणजे टेम्पो, जनरेटर, पाण्याचे पंप. पण अधूनमधून कोणीतरी जुनं रेसिंग इंजिन पोत्यात घालून आणतं, आणि मग माझ्यातली नटी जागी होते.

हे इंजिन मृणालने आणलं होतं. तिचे वडील सुहास गेल्या वर्षी वारले. ते आणि त्यांचे थोरले भाऊ दिलीपकाका तरुणपणी कार्ट रेसिंग करायचे. कार्ट म्हणजे चार चाकं, पाइपांची फ्रेम, एक सीट आणि पाठीशी किंचाळणारं इंजिन. दरवाजा नाही, स्प्रिंग नाही. काका चालवायचे, सुहास इंजिन बांधायचे. दक्षिणेतल्या एका जुन्या धावपट्टीवर शेवटची रेस झाली. काका पुढे होते, आणि शेवटच्या फेरीत इंजिन जाम झालं. चाकं लॉक झाली, गाडी गवतात गेली. ट्रॉफी दुसऱ्याने नेली.

निदान तिथल्या तिथे झालं. सुहास तेल विसरला.

टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळी तेलाची टाकी नसते. तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. जुनी स्कूटर चालवलेल्यांना पंपावरचं ते मापटं आठवत असेल. तेल घालायचं राहिलं तर पिस्टन कोरडा घासतो, तापतो आणि सिलेंडरला चिकटून बसतो. तेव्हा निदान पटण्यासारखंच होतं.

"भांडण वगैरे काही झालं नाही हो ताई," मृणालने मला फोनवर सांगितलेलं. "त्याचा जोक झाला. माझ्या लग्नात वाढपी तूप वाढायला विसरला, तर काका भर पंगतीत ओरडले, 'सुहासच्या हाताखाली शिकलास काय रे?' सगळे हसले. बाबापण हसले. घरी आई झोपायच्या आधी तीनदा विचारायची, गॅस बंद केलात ना, दाराला कडी लावलीत ना. बाबांनी पाना सोडला आणि ठाण्याला एका कंपनीत स्टोअर सांभाळलं. मला हे इंजिन चालवायचं नाहीये. मला फक्त उघडून बघायचंय की बाबा विसरले होते का. आणि काकांच्या समोरच उघडायचंय."

"उघडल्यावर जे निघेल ते निघेल," मी म्हटलं. "विसरले होते असं निघालं तर?"

"तर निदान खरा जोक होता असं म्हणेन."

काका वर्तकनगरहून आले होते. बँकेतून निवृत्त झालेले, शर्ट कडक इस्त्रीचा. त्यांचा आग्रह वेगळाच होता. "उघडताय तर चालू करूनच द्या मॅडम. मरायच्या आधी एकदा तो आवाज ऐकायचाय."

तर शवविच्छेदन.

हेडचे नट सुटले. पिस्टन जागेवर घट्ट. हातोड्याचं काम नव्हतं, म्हणून मी बॅरल, म्हणजे सिलेंडरचा पंख्यांसारख्या पात्यांचा भाग, हळूहळू गरम केला. गरम होताच आतून काकवीसारखा तपकिरी चिकटा सुटायला लागला आणि एक गोडसर, जळका वास पसरला. मला आनंदाचं भरतं आलं. हे एरंडेल होतं! त्या काळी रेसिंगमध्ये शुद्ध केलेलं एरंडेलच वापरायचे. ते जुनं झालं की सरसासारखं सुकतं.

मी टेबलावर थाप मारली. "तेल होतं! हे बघा, भरपूर होतं!"

मृणालचा कप हिंदकळला. तिने डोळ्यांवर ओढणी धरली.

"एक मिनिट," काका म्हणाले. बँकेत उभा जन्म सह्या तपासण्यात गेलेला माणूस. "हे तेल रेसच्या दिवशीचं कशावरून? नंतर कोणी ओतलं नसेल?"

 मी काढून ठेवलेल्या नटांकडे पाहिलं. ते फारच सहज सुटले होते. आट्यांना ग्रीस होतं. हेडखाली तांब्याची सीलची रिंग असते. इंजिन एकदा जरी पेटलं तरी तिची आतली कड काळी पडते. ही रिंग लखलखीत होती. बॅरलखालचा कागदी गॅस्केटही कोरा, हाताने कापलेला, आणि कड इतकी सुबक की मला माझ्या कटिंगची लाज वाटावी.

"काका बरोबर बोलतायत," मी म्हटलं. कबूल करणं कठीण होतं, कारण टाळीचं वाक्य मी आधीच घेऊन बसले होते. "रेसनंतर हे इंजिन कोणीतरी पूर्ण उघडलंय. आतून साफ केलंय. गंजू नये म्हणून एरंडेल ओतलंय. आणि नवीन सील घालून बंद केलंय. त्यानंतर ते कधीच चालू झालेलं नाही."

"कोणी?" काकांनी विचारलं.

"काका, आमच्या घरात दुसरं कोण होतं?" मृणाल म्हणाली.

"पण मी त्याला सांगितलेलं, राहू दे म्हणून. उघडून काय मिळणार म्हटलं. तो बरं म्हणाला." काका खुर्चीत मागे टेकले. "मला कधी बोलला नाही."

सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न होता. सुहासने आत काय पाहिलं? मी पंचनामा पुढे चालू केला, घोषणा न करता.

पिस्टन बाहेर आला. एक्झॉस्टच्या बाजूने, जिथे इंजिन सगळ्यात जास्त तापतं, तिथे अॅल्युमिनियम ओघळून सिलेंडरला माखलेलं होतं. दुसरी बाजू जवळजवळ शाबूत. मग खाली क्रँकवर गेले; तो कोणी कधी सोडवल्याची खूण नव्हती. तिथे कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकात रोलरचं बेअरिंग असतं. पेट्रोलमध्ये तेल नसेल तर बळी पहिला त्याचाच जातो. जास्त तापलं की पोलाद निळं पडतं, आणि तो निळा डाग नंतर कितीही तेल ओता, धुऊन जात नाही. मी रोलर एकेक करून पांढऱ्या फडक्यावर मांडले.

रुपेरी. एकही निळा नाही.

"काका, सहीची खात्री पटेल इतका स्पष्ट पुरावा आहे. तेल होतं. पहिल्या फेरीपासून शेवटपर्यंत होतं."

या वेळी मी थाप मारली नाही. मृणालने फडक्यावरचा एक रोलर उचलून मुठीत घेतला. काका रोलरकडे बघत होते.

"मग जाम का झालं?" त्यांनी हळूच विचारलं.

एक्झॉस्टच्या बाजूने पिस्टन वितळण्याची कारणं बरीच असतात. क्रँकचं सील फाटून हवा आत शिरणं, पेट्रोल सोडणारा जेट चुकीचा, पेट्रोल कमी. मी सगळं तपासलं. क्रँकचं सील मूळचंच, आणि अखंड. कार्ब्युरेटर स्वच्छ, जेट योग्य. "बांधणीत दोष सापडत नाही," मी म्हटलं. "चालू करून बघू, म्हणजे काही सुटलं असेल तर कळेल."

पुढचं काम धीराचं होतं. सिलेंडरला माखलेलं अॅल्युमिनियम कॉस्टिकने खाऊन टाकलं. मग किंचित बोअर मारला. इटालियन पिस्टन आता कुठला मिळायला? कल्याणच्या एका जुन्या स्पेअरवाल्याकडे जुन्या मोटरसायकलचा ओव्हरसाइज पिस्टन निघाला. तो लेथवर खालून कापला, घासला, वजनाला जुळवला. काका दर दोन-तीन दिवसांनी यायचे. मृणाल आली असेल तर तिच्यापासून एक स्टूल सोडून बसायचे. एकदा त्यांनी तिच्यासाठी वडापाव आणला. तिने घेतला आणि म्हणाली, "चटणी विसरला वाटतं." काका नुसते मान हलवून हसले. फार केविलवाणं दिसलं ते.

चालू करायच्या दिवशी इंजिन स्टँडवर घट्ट बांधलं. नवीन पेट्रोलात एरंडेल मृणालने स्वतःच्या हाताने मोजून घातलं आणि मापटं काकांना दाखवलं. बाहेरून स्टार्टर लावला, दोनदा खोकलं, आणि तिसऱ्यांदा त्या इंजिनाने असा टाहो फोडला की शेजारच्या गाळ्यातले लोक बाहेर आले. निळसर धूर, तो गोड वास. काकांनी डोळे मिटून घेतले होते. मी सावकाश रेस वाढवत नेली. आवाज अगदी स्वच्छ. सुहासच्या कामात खरोखरच काही सुटलेलं नव्हतं.

मग रेस सोडायची वेळ आली. जुन्या कार्टवाल्यांकडून शिकलेल्या सवयीने मी थ्रॉटल सोडता सोडता उजवा तळहात क्षणभर कार्ब्युरेटरच्या तोंडावर दाबला. इंजिन गुरगुरलं आणि शांत झालं.

"ताई, हात का लावलात?" मृणालने विचारलं.

आणि मी, समोर प्रेक्षक दिसला की ज्याला राहवत नाही असा प्राणी, समजावायला लागले. या कार्टना क्लच नसतो. इंजिन साखळीने थेट चाकांना जोडलेलं. सरळ रस्त्याच्या शेवटी ड्रायव्हर पाय उचलतो, पेट्रोल बंद होतं, पण चाकं इंजिनाला त्याच वेगाने फिरवत राहतात. पेट्रोल बंद म्हणजे त्यातलं तेलही बंद. तापलेला पिस्टन कोरडा. म्हणून ड्रायव्हर एक हात मागे नेऊन कार्ब्युरेटरचं तोंड झाकतो. हवा अडते, इंजिन जास्तीचं पेट्रोल ओढून घेतं, आणि त्याच्याबरोबर तेल. एका हाताने गाडी वळवायची, दुसऱ्या हाताने इंजिन वाचवायचं. तो हात चुकला, तर तेल असूनही...

इथे मी थांबले. पण वाक्य पुरं व्हायला माझी गरज उरली नव्हती.

कामाचं सांगायचं तर इंजिन उत्तम चालतं. सध्या ते मृणालच्या घरी कोपरला दिवाणखान्यात आहे. त्यातून काढलेल्या जुन्या पिस्टनसकट ती घेऊन गेली. काकांनी आपला वाटा मागितला नाही. त्यांना तो आवाज पुन्हा ऐकायचा नाही. धंद्यातला धडा म्हणाल तर एवढाच: जाम झालेलं इंजिन, ते बांधणारा माणूस हयात असताना उघडून घ्यावं. नंतरही आम्ही सगळं काढून देतो, पण मग ते कोणाला द्यायचं हा प्रश्न राहतो.

सुहासने ती एक्झॉस्टची बाजू पाहिली होती. त्यांच्यासारख्या बांधणाऱ्याला ती वाचायला क्षणही लागला नसणार. त्यांनी ती पुसली, तेल ओतलं, सुबक गॅस्केट कापून इंजिन बंद केलं आणि पंगतीत सगळ्यांबरोबर हसले.

त्या दुपारी धूर अजून छताला होता. मृणाल माझ्याकडून हळूहळू काकांकडे वळली.  काका माझ्या तळहाताकडे बघत होते, मग स्वतःच्या. अख्ख्या गाळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांच्या तोंडून निघून गेलं:

"अगं, तो हात मी लोकांना हलवून दाखवत होतो!"