दुपट्ट्याखालचा सौदा

काटोलच्या एस.टी. स्टँडवर बाबांनी मला निरोप दिला तो दुपट्ट्याखाली. माझ्या वयाच्या गाववाल्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. पण तुमच्यातले बरेच जण पुण्याला, मुंबईला, काही तर पार समुद्रापलीकडे जाऊन बसलेत, त्यांच्या पोरांसाठी सांगतो. आमचं संत्र्याच्या बाजारात अडतीचं दुकान होतं. तिथे भाव तोंडानं बोलत नसत. घेणारा आणि विकणारा समोरासमोर बसायचे, दोघांचे हात एका दुपट्ट्याखाली जायचे आणि पुढचं सगळं बोटं बोलायची. जितकी बोटं धरली तितका आकडा. अंगठा दाबला की सौदा पक्का. हात सोडून दिला की मोडला. वरून मात्र दोघांचे चेहरे असे, की कीर्तनाला बसलेत.

बाबा या कामात पट्टीचे होते. डोळे मिटून नुसत्या हाताच्या पकडीवरून सांगायचे, हा शेतकरी आहे, हा व्यापारी, आणि हा नुसताच टाइमपास करायला आलाय.

तर मी नागपूरला, सदरमधल्या एका कचेरीत कारकून म्हणून लागलो होतो. सत्तर-बहात्तरच्या सुमाराची गोष्ट. बाबांना ते अजिबात पटलं नव्हतं. "घरचं दुकान सोडून दुसऱ्याच्या फाइली काहून उचलतं गा?" हे वाक्य मी महिनाभर सकाळ-संध्याकाळ चहाबरोबर ऐकत होतो. मी एकुलता एक. माझ्यानंतर त्या गादीवर बसणारं कोणी नव्हतं.

स्टँडवर माय माझ्या ट्रंकेवर चिवड्याचा डबा ठेवून "टाइमावर जेवत जाजो, पोट्ट्या" असं पुन्हा पुन्हा सांगत होती. बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, माझ्या हातावर टाकला आणि आत माझं एक बोट घट्ट धरलं.

"एक आंबिया तुझा," ते म्हणाले. "पुढचा माझा."

आंबिया म्हणजे संत्र्याचा दिवाळीच्या आगेमागे निघणारा बहार. यंदाचा आंबिया मी नागपुरात काढायचा, पुढच्या वर्षीचा निघाला की मुकाट्यानं दुकानात येऊन बसायचं. त्यांनी अंगठा दाबला. मीही दाबला. सौदा पक्का झाला आणि गाडी सुटली.

काटोल ते नागपूर अंतर ते काय! आज माझी नात तेवढ्या अंतरावर रोज कॉलेजला जाते. पण पहिले काही महिने मला वाटायचं की मी दुसऱ्या देशात आलोय. सदरच्या मागच्या गल्लीतली खोली, खाणावळीतली पातळ डाळ, कचेरीत सगळे अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलणारे. संध्याकाळी करायचं काय हा मोठा प्रश्न होता. आणि त्या प्रश्नाचं उत्तर गल्लीच्या टोकाला राहत होतं.

पीटर अंकल रेल्वेत गार्ड होते, आणि त्यांच्या पुढच्या खोलीत ऑर्केस्ट्राची तालीम चालायची. सगळेच हौशी. बँकेतला एक जण ॲकॉर्डियन वाजवायचा, शाळेतल्या एक बाई गायच्या, ड्रमवाला पोस्टात होता. मी रोज त्यांच्या खिडकीबाहेर उभा राहायचो. एक दिवस अंकलनीच आत बोलावलं. कोपऱ्यात एक लांब मानेचं, चार जाड तारांचं बेस गिटार भिंतीला टेकून ठेवलं होतं. त्याची मान कुठल्याशा परदेशी गिटाराची होती आणि खालचं अंग सागवानाचं, इथल्याच सुताराकडून करून घेतलेलं. वजन असं, की खांद्यावर मुरमुऱ्याच्या जागी गव्हाचं पोतं यावं.

"लीड बजाने सब आते हैं," अंकल म्हणाले. "ये कोई नहीं उठाता. तू उठा."

मी उचललं. त्यांनी पेटीएवढ्या ॲम्प्लिफायरचं बटण दाबलं. आतल्या काचेच्या नळ्या हळूहळू लाल झाल्या, खोलीत एक घरघर भरली. मी सगळ्यात जाड तार छेडली.

ते काय झालं हे मला आजही नीट सांगता येत नाही. आवाज कानात आलाच नाही आधी. तो पायातून वर आला, पोटात थांबला आणि छातीच्या फासळ्यांत जाऊन बसला. स्पीकरवर ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यातलं पाणी थरथरत होतं. खिडकीची काच गुणगुणत होती. लहानपणी बगिच्यात विहिरीवरचं इंजिन सुरू असताना मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पालथा झोपायचो, तेव्हा जमिनीतून जे यायचं तेच हे. एका बोटानं मी अख्खी खोली हलवली होती! मी वेड्यासारखा हसत सुटलो. अंकलही हसले, कारण त्यांना ठाऊक होतं की आता हा कुठे जात नाही.

मग तेच माझं आयुष्य झालं. सकाळी फाइली, संध्याकाळी बेस. बोटांच्या टोकांना आधी फोड आले, ते फुटले, त्यावर पुन्हा आले आणि शेवटी तिथे घट्टे पडले. नव्या तारा नागपुरात मिळत नसत. कोणी मुंबईला गेलं तर आणणार. तोवर जुन्या तारांचा आवाज मेला की त्या पाण्यात उकळायच्या, मळ निघाला की त्या पुन्हा खणखणीत बोलतात. मी स्टोव्हवर तपेलीत तारा उकळत बसलेला पाहून घरमालकीण मावशींनी दारातच कपाळाला हात लावला. "लोखंडाची भाजी कधीपासून खाऊन राहिले, भाऊ?" त्यानंतर मावशी मला अधूनमधून खरी भाजी आणून देऊ लागल्या.

प्रोग्रामला जाताना सायकलरिक्षात स्पीकरचं खोकं माझ्या पायांत आणि मायनं दिलेल्या गोधडीत गुंडाळलेला बेस मांडीवर. आता पोरांकडे जेवणाच्या डब्याएवढा ॲम्प्लिफायर असतो आणि आवाजही माझ्यापेक्षा साफ. मला हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू. पण नळ्या तापेपर्यंत वाट बघण्यात जी धाकधूक होती ती त्यांना कुठून मिळणार?

आणि बघता बघता दुसरा आंबिया आला.

नवरात्र होतं. बाबा पहिल्या तोडीच्या मालाबरोबर नागपूरला आले आणि दुपारी थेट माझ्या खोलीवर. त्यांनी खाटेवर बसून पाणी प्यायलं, भिंतीला टेकवलेल्या बेसकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "बिस्तर बांध. सकाळच्या गाडीनं जाऊ."

सौदा पक्का झालेला होता. आमच्या घरात दिलेला शब्द मोडल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, "बांधतो बाबा. पण आज संध्याकाळी आमचा प्रोग्राम आहे. तेवढा ऐकून घ्या."

"ऐकतो. पण आधी बिस्तर बांध."

मी गादी गुंडाळली, दोरीनं आवळली आणि ती दाराशी ठेवून वाजवायला गेलो.

देवीच्या मांडवात बाबा पहिल्या रांगेत, मांडीवर दुपट्टा ठेवून ताठ बसले होते. मी मागे ड्रमच्या शेजारी उभा. समोर गाणाऱ्या बाई, ॲकॉर्डियन, शिट्ट्या, टाळ्या. बाबांचं मात्र कोणाकडेही लक्ष नव्हतं. सगळा वेळ त्यांची नजर माझ्या डाव्या हातावर होती. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, रागानं काही पुटपुटताहेत. शेवटचं गाणं मी रडवेला होऊन वाजवलं, कारण माझ्या हिशेबानं ते खरंच शेवटचं होतं.

आम्ही खोलीकडे चालत निघालो. बाबा म्हणाले, "तुझा आवाज काही मले वेगळा समजला नाही, गा. पण तुझे बोटं वाचून राहिलो होतो."

"बोटं?"

"दोन, चार, दोन, एक. मंग पुन्हा दोन. थे बाई वर चढली, थो पेटीवाला खाली उतरला, सारे बोंबलून राहिले होते. तू भाव सोडला नाही. साऱ्या बाजारात असा माणूस एखादाच असते. बाकीचे त्याच्या भरोशावर बोंबलते."

मी रस्त्यातच उभा राहिलो. वर्षभर पीटर अंकल मला हेच शिकवत होते आणि मला ते अर्धंमुर्धं कळलं होतं. बाबांना सुरांतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी नुसती बोटं वाचून बेस म्हणजे काय ते पकडलं होतं.

तरीही सकाळी आम्ही स्टँडवर गेलो. बिस्तर माझ्या खांद्यावर. काटोलचे ओळखीचे दोन-चार व्यापारी गाडीची वाट बघत उभे होते. बाबांनी दुपट्टा काढला, माझ्या हातावर टाकला आणि आत माझा हात धरला.

त्यांची बोटं माझ्या बोटांच्या टोकांवर आली आणि तिथेच थांबली. एकेक घट्टा त्यांनी अंगठ्यानं चाचपला. आधी सावकाश, मग परत एकदा, माल पारखावा तसा. मी दीड वर्षापूर्वी काटोलच्या स्टँडवर दिला होता तो हात कारकुनाचा, मऊ होता. त्यांचा चेहरा मात्र नेहमीसारखा, कीर्तनाला बसल्यासारखा. मी अंगठा दाबायची वाट पाहत होतो.

त्यांनी हात सोडून दिला.

आमच्या बाजारात याचा एकच अर्थ होतो. सौदा मोडला. मला आधी वाटलं, रागावले. मग त्यांनी दुपट्टा उचलून खांद्यावर टाकला आणि माझा हात पुन्हा धरला, उघड्यावर, दोन्ही हातांत, त्या सगळ्या व्यापाऱ्यांच्या देखत. जन्मात त्यांनी कोणाचा हात असा धरला नव्हता.

"दुकानाचं मी पाहतो," ते म्हणाले. "तुह्या मायले सांगतो, पोराले काम लागलं म्हणून."

गाडी गेली. मी बांधलेलं बिस्तर घेऊन सदरला परत आलो आणि ते सोडताना ढसाढसा रडलो.

डोळे साथ देत होते तोवर बाबांनी दुकान एकट्यानं चालवलं. मग ते दुसऱ्यांनी घेतलं. आज काटोलला गेलो तर तिथे परकी पाटी दिसते. त्यांच्या निवडीची किंमत त्यांनी कधी बोलून दाखवली नाही, म्हणून ती मला जास्त जाणवते. नागपुरात मी संसार केला, निवृत्त झालो, तरी कोणी गाव विचारलं की तोंडातून काटोलच येतं. तुमचंही तसंच होत असेल.

बाबा गेल्यावर मायनं त्यांचा दुपट्टा मला दिला. बेसच्या तारांखाली, अगदी टोकाशी, कापडाची घडी सारली की आवाजाची झणझण जाते आणि नुसता मऊ, भरीव ठोका उरतो. पूर्वी मी तिथे फडकं लावायचो. आता त्या दुपट्ट्याची एक पट्टी लावलेली आहे. संध्याकाळी खोलीचं दार लावून वाजवायला बसतो. दोन, चार, दोन, एक. कापडाखाली तार थरथरते, आणि मी घरी असतो.